‘कालपर्यंत बरे होते’: डिलिरियम आणि स्मृतिभ्रंश यांतला फरक

आजारी वृद्ध व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली की ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय मिटवला जातो, आणि तिथेच घात होतो. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. डिलिरियम, म्हणजे अचानक येणारी भ्रमावस्था, मात्र काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवतो आणि त्यामागे शरीरात दुसरेच काही बिघडलेले असते: मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियमची घट, तुंबलेली लघवी, किंवा नव्याने सुरू झालेली झोपेची गोळीसुद्धा. म्हणून घरच्यांचे ‘कालपर्यंत बरे होते हो’ हे वाक्य डॉक्टरांनी कधीही कानाआड करू नये.

दुसरी खूण अवधानाची. रुग्णाला वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले, तर स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्ण अडखळेल, एखादा महिना गाळेल, पण प्रश्न सहसा धरून ठेवील. डिलिरियममधील रुग्ण ‘डिसेंबर, नोव्हेंबर’ म्हणतो, मग त्याची नजर पांघरुणाच्या काठावर जाते, बोटे तिथे नसलेले धागे वेचू लागतात आणि आपल्याला काही विचारले होते हेच मनातून निसटते. डिलिरियम या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘नांगराने तास, म्हणजे नांगरटीची सरळ रेघ, सोडणे’ असा आहे, आणि तो इथे अगदी चपखल बसतो. सकाळी हाच रुग्ण नीट बोललेला असतो. हा चढउतारही महत्त्वाचा. वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनुये आणि सहकाऱ्यांनी डिलिरियम ओळखण्यासाठी १९९० मध्ये मांडलेल्या तपासणीपद्धतीत अचानक सुरुवात व चढउतार आणि ढळलेले अवधान या दोन्ही गोष्टी असाव्याच लागतात. जोडीला विस्कळीत विचार किंवा जाणिवेच्या पातळीतील बदल, यांपैकी एक तरी लागतो.

आरडाओरडा करणारा, सलाईन उपसणारा रुग्ण सर्वांना दिसतो. मला काळजी वाटते ती गुपचूप पडून राहणाऱ्याची. जेवण तसेच राहते, हाक मारल्यावर डोळे किलकिले होतात, आणि ‘आज शांत आहेत’ अशी नोंद होते. हाही डिलिरियमच असू शकतो, आणि तोच अधिक वेळा नजरेतून सुटतो.

गुंतागुंत अशी की स्मृतिभ्रंश असलेल्यांनाच डिलिरियमचा धोका अधिक असतो, आणि ल्युई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात चढउतार व भास मुळातच असतात. संशय असल्यास आधी डिलिरियम धरून कारण शोधावे, सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, चष्मा आणि श्रवणयंत्र रुग्णाजवळ ठेवावे. स्मृतीची सविस्तर चाचणी मात्र प्रकृती सावरल्यावरच करावी, कारण डिलिरियम कधीकधी कित्येक आठवडे रेंगाळतो.