भाषेची जीवशास्त्रीय रूपके

भाषा कशी बदलते, फुटते आणि लोप पावते हे समजावण्यासाठी जीवशास्त्रातून घेतलेल्या कल्पना. भाषाकुल, जननी भाषा, भगिनी भाषा, मृत भाषा या संज्ञा इतक्या रुळल्या आहेत की त्या रूपके असल्याचा विसर पडतो.

जर्मन भाषावैज्ञानिक आउगुस्ट श्लायखर याने इंडो-युरोपीय (संस्कृत, मराठी, इंग्रजी ज्या कुलात येतात त्या) भाषांचा वंशवृक्ष १८५३ मध्ये मांडला. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ त्यानंतर सहा वर्षांनी, १८५९ मध्ये आला. त्यामुळे भाषाविज्ञानाने वृक्ष डार्विनकडून उसना घेतला, हा समज चुकीचा आहे. पुढे १८६३ मध्ये श्लायखरने जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलला लिहिलेल्या खुल्या पत्रात भाषांना थेट सजीव ठरवले : त्या जन्मतात, वाढतात, जराजर्जर होतात. ही मात्र अतिशयोक्तीच होती. भाषा ही सामाजिक संस्था आहे, बोलणाऱ्यांवाचून तिला अस्तित्व नाही, असे अमेरिकेतील भाषावैज्ञानिक विल्यम ड्वाइट व्हिटनी याने बजावले.

वृक्षात एकदा फुटलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळत नाहीत, भाषा मिसळतात. रूमानियन, बल्गेरियन आणि अल्बेनियन या इंडो-युरोपीय कुलाच्या वेगवेगळ्या शाखांतल्या, पण शेजारी नांदल्याने तिन्हींत निश्चित उपपद (इंग्रजीतील ‘द’सारखे) नामाच्या शेवटी लागते. योहानेस श्मिट याने १८७२ मध्ये तरंग सिद्धांत (भाषिक बदल पाण्यावरील लाटांसारखे शेजारच्या बोलींत पसरतात) मांडला तो अशाच अडचणींमुळे. अर्थात जिवाणूही परस्परांत जनुके देतात-घेतात, तेव्हा हा आक्षेप वृक्षावर आहे, जीवशास्त्रावर नव्हे.

आज भाषेची तुलना एका प्राण्याशी न करता प्रजातीशी करतात. सलिकोको मुफ्वेने याच्या मांडणीत (२००१) प्रत्येकाची वैयक्तिक बोली हा एक जीव; पर्यायी रूपांत स्पर्धा चालते आणि भोवतालची सामाजिक परिस्थिती निवड करते. नव्या वसाहतीत आधी आलेल्यांच्या बोलीचा ठसा का टिकतो, हे यातून चांगले उलगडते.

२००३ मध्ये रसेल ग्रे आणि क्वेन्टिन ॲटकिन्सन यांनी जीवशास्त्रातील संख्याशास्त्रीय पद्धतींनी ८७ भाषांच्या शब्दसाठ्यावरून इंडो-युरोपीय कुलाचे वय ७,८०० ते ९,८०० वर्षे काढले. हे कुल काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात, बऱ्याच अलीकडच्या काळात उगम पावले असे मानणाऱ्यांना ते पटलेले नाही.

साम्य सर्वात स्पष्टपणे तुटते ते ध्वनिबदलात. जनुकातील उत्परिवर्तन सहसा एका जागी घडते. भाषेत ध्वनी बदलला की तो बहुधा तशा सगळ्या शब्दांत बदलतो : संस्कृत ‘पितृ’, ‘पाद’ यांतल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फादर’, ‘फूट’ असा ‘फ’ सापडतो. भाषांची तुलना करून त्यांचे नाते ठरवणाऱ्या तुलनात्मक पद्धतीची सारी भिस्त या नियमिततेवर आहे.