नव्या अ‍ॅक्वापोनिक्सच्या टाकीतला सामू: आधी बायकार्बोनेट मोजा

गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्सची, म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाज्या वाढवायची टाकी बसवली, बोअरचं पाणी भरलं, पंप सुरू झाला आणि टेस्ट किटचे थेंब टाकले, की देशावर बहुतेक घरांत रंग ८ च्या आसपास किंवा वर जातो. माहितीपत्रकात मात्र सामू, म्हणजे पीएच, ६.८ ते ७ हवा असं छापलेलं असतं. मग घरोघरी एकच धावपळ सुरू होते: कुणी लिंबू पिळतं, कुणी व्हिनेगर ओततं, कुणी दुकानातून ‘पीएच डाउन’ची बाटली आणतं. माझं स्पष्ट मत असं, की पहिले चार-सहा आठवडे यातलं काहीही करू नये.

७ हा आकडा मुळात तडजोडीचा आहे. एकाच पाण्यावर इथे तिघांना जगायचं असतं. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना ६.५ ते ८.५ मानवतं. मातीविना वाढणाऱ्या पालक, पुदिना, तुळशीला ५.५ ते ६.५ आवडतं. तिसरे आहेत जिवाणू. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट तेच करतात. हे काम जिवाणूंचं आहे हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास त्यांना वेगळं वाढवून दाखवलं. या जिवाणूंना सर्वांत जास्त मानवतो तो ७.५ ते ८ सामू. ६.५ च्या खाली ते मंदावतात आणि ६ च्या खाली त्यांचं काम जवळपास थांबतं.

नव्या टाकीत हे जिवाणू अजून आलेलेच नसतात. झाडांच्या वाफ्यातल्या खडीवर, पाइपच्या आतल्या भिंतीवर त्यांचा थर बसायला महिना-दीड महिना जातो. म्हणजे ज्या दिवसांत त्यांना मूळ धरायचं असतं, नेमक्या त्याच दिवसांत आपण पाणी त्यांना नावडतं करायला निघतो. सुरुवातीचा ७.८ किंवा ८ सामू हा दोष नाही. जिवाणू वसायला तो मदतच करतो.

एक अट मात्र पाळायलाच हवी: या काळात मासे अगदी थोडे ठेवावेत आणि खाद्य चिमूटभरच टाकावं. कारण अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, ज्याचा माशांना फारसा त्रास नाही. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती हे सामू आणि तापमान ठरवतात. पाणी ३० अंश सेल्सियसला असेल, तर सामू ७ ला एकूण अमोनियातला १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, ८ ला साधारण साडेसात टक्के आणि ९ ला ४५ टक्क्यांच्या आसपास. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी ३० अंशांवर सहज जाते. म्हणून सामू उतरवण्यापेक्षा टाकीवर सावली करणं आणि खाद्याला हात आखडता घेणं जास्त उपयोगाचं. सावलीचा आणखी एक फायदा आहे. उघड्या टाकीत शेवाळ धरतं, ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि दुपारी सामू वर चढतो, पहाटे खाली येतो. मोजणी रोज एकाच वेळी करायची ती यासाठीच. बोअरचं ताजं पाणीही लगेच मोजू नये. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड दबून राहिलेला असतो. एक रात्र हवेचे बुडबुडे सोडल्यावर येणारा आकडाच खरा.

आता आम्लाकडे. बोअरच्या पाण्यात थोडं आम्ल घातलं की सामू ७ वर येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ८. पुन्हा घाला, पुन्हा तेच. असं का होतं? पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपतं, दगडातली खनिजं विरघळवतं आणि वाटेत बायकार्बोनेट गोळा करतं. आपण घातलेलं आम्ल या बायकार्बोनेटशी भिडतं आणि त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वायू पाण्यात असेपर्यंत सामू खाली दिसतो. पंप आणि बुडबुडे तो उडवून लावतात आणि सामू परत चढतो. पण दरवेळी बायकार्बोनेट थोडं थोडं संपत असतं, आणि सामूचा आकडा त्याची वर्दी देत नाही. ते संपत आलं की पुढच्या चमचाभर आम्लाने सामू थेट ५ कडे कोसळतो.

बायकार्बोनेट ही बँकेतली शिल्लक समजा. सामू तिच्याबद्दल फार कमी सांगतो. ती मोजणारं किट वेगळं असतं, बाटलीवर ‘केएच’ असं लिहिलेलं. परीक्षानळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं आणि काही थेंबांनंतर एकाच थेंबात पिवळं पडतं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल पचवण्याची क्षमता. बोअरच्या पाण्यात पंधरा थेंब टाकूनही निळेपणा हटला नाही, तर सामूशी झगडण्यात अर्थ नाही हे तिथेच कळतं. दोनच थेंबांत पिवळं झालं, तर आज सामू ७.६ दिसत असला तरी निर्धास्त राहू नका.

कारण जिवाणू कामाला लागले, की ते स्वतःच आम्ल तयार करतात. अमोनियाच्या रूपातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करताना ७.१४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षमता खर्ची पडते. घरच्या मापात हिशोब करू. ५०० लिटरची टाकी, रोज २० ग्रॅम खाद्य. साधारण ३२ टक्के प्रथिनांच्या खाद्याच्या सुमारे ३ टक्के इतका नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरतो, म्हणजे ०.६ ग्रॅम. त्यापायी रोज ४.३ ग्रॅम शिल्लक संपते. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे साडेपाच अंशांच्या आसपास शिल्लक असेल, तर टाकीत एकूण ५० ग्रॅम. हे बारा दिवसांचंसुद्धा नाही. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असलेलं बोअरचं पाणी महिनाभर रेटतं. प्रत्यक्षात जरा जास्त दिवस मिळतात, कारण झाडं नायट्रेट शोषताना त्यातली काही क्षमता पाण्याला परत देतात आणि वरून घातलेलं पाणी नवी शिल्लक आणतं. पण नव्या टाकीतली रोपं बोटभर उंचीची, ती परत देऊन देणार किती?

म्हणजे सुरुवातीला चढा वाटणारा सामू आपोआप उतरणारच आहे. उतरायला लागला की समजावं, जिवाणू बसले. खरं लक्ष द्यायचं ते यानंतर, आणि नेमकं तेव्हाच सगळं सुरळीत दिसत असल्यामुळे माणूस मोजणं सोडतो.

मोजणं सुटलं तर पुढे जे होतं ते नीट समजून घ्यायला हवं. घरच्या टाकीतले मासे एका रात्रीत दगावतात त्यामागे अनेकदा हेच असतं. शिल्लक संपते, सामू ६ च्या खाली घसरतो, जिवाणू थंडावतात. अमोनिया साठू लागतो. पण सामू इतका खाली असल्याने तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि मासे सुस्त दिसले तरी तग धरून असतात. मग कुणीतरी किट काढतं, रंग बघून घाबरतं आणि मूठभर सोडा किंवा चुना टाकीत टाकतं. तासाभरात सामू ८, आणि साठलेल्या अमोनियमचा मोठा भाग मोकळा अमोनिया होतो. इतके दिवस निभावलेले मासे त्या दुरुस्तीने मरतात. म्हणून सामू घसरलेला सापडला तर आधी खाद्य बंद करा, अमोनिया मोजा, रोज थोडं थोडं पाणी बदला आणि सामू दिवसाला ०.२ च्या आसपासच चढू द्या.

चढवायला काय वापरावं? स्वयंपाकघरातला खायचा सोडा नको. त्यातलं सोडियम झाडं फारसं घेत नाहीत, ते पाण्यात साठतच जातं. पोटॅशियम बायकार्बोनेट उत्तम: १०० लिटर पाण्यात ३.६ ग्रॅम घातलं की केएच एक अंशाने वाढतो, आणि पोटॅशियम झाडांना हवंच असतं. माशांच्या खाद्यातून ते पुरेसं मिळत नाही. दुसरा उपाय चुन्याची निवळी. कळीचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं अलगद काढून, माशांपासून दूर, पंपाच्या टाकीत थोडं थोडं सोडायचं. निवळीचा सामू १२ च्या वर असतो, तेव्हा हातमोजे घालावेत. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलापी माशांवर वर्षानुवर्षं चालवलेल्या मोठ्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये हाच मार्ग होता: कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून, सामू ७ च्या जवळ ठेवत. घरी मात्र पोटॅशियम हायड्रॉक्साइड हाताळू नये, ते त्वचा जाळतं.

दोन-तीन महिन्यांनंतरही सामू ७.५ च्या खाली येतच नसेल, तर खडीवर संशय घ्या. बांधकामाची काळी खडी साधारणपणे चालते, पण आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरं कॅल्साइट भरलेलं असतं, आणि शोभेची पांढरी खडी तर अनेकदा संगमरवराचीच असते. धुतलेले चार-पाच दगड वाटीत घेऊन त्यांवर व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू आली, पृष्ठभागावर बुडबुड्यांची माळ धरली, तर ती खडी टाकीत विरघळत राहणार आणि सामू खाली येऊ देणार नाही. नवी सिमेंटची टाकीही अशीच चुना सोडत असते. ती भरून, उपसून, पुन्हा भरून मुरवावी लागते.

चढ्या सामूत झाडांना पहिली टंचाई भासते ती लोहाची. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह पाण्यात असतं, पण सामू ७ च्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात जातं. यासाठी आम्ल ओतू नये. कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलंच राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह आणावं, फक्त वेष्टन वाचून: ईडीटीए प्रकार ६.५ च्या वर निकामी होत जातो, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकतो, ईडीडीएचए त्याच्याही वर.

आम्ल लागतंच असेल, तर ते माशांच्या टाकीत घालू नये. वेगळ्या पिंपात भरलेल्या पाण्यात घालून, रात्रभर हवा देऊन, मग ते पाणी वापरावं. लिंबू आणि व्हिनेगर यांत बसत नाहीत. त्यांतली सेंद्रिय आम्लं जिवाणू खाऊन टाकतात आणि सामू परत येतो. त्यापेक्षा फॉस्फोरिक आम्ल बरं, आणि सर्वांत बरं पावसाचं पाणी. जड पाण्यात ते मिसळलं की बायकार्बोनेट आपसूक पातळ होतं.

कोकणात आणि गोव्यात हिशोब उलटा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं असतं, सामू अनेकदा ७ च्या खाली. तिथे पहिल्या दिवसापासून शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्याच्या धारेखाली ठेवावा. पाणी आम्लधर्मी होईल तसा तो जास्त विरघळतो. देशावरही जून ते सप्टेंबरात, उघड्या वाफ्यांत पावसाचं पाणी भरत राहिलं की टाकी कोकणातल्यासारखी वागू लागते. त्या महिन्यांत केएच आठवड्यातून दोनदा मोजावा आणि तो चार अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.