लिबर्टेरियन आणि परंपरावादी : अमेरिकेच्या उजव्या बाजूचे दोन वेगळे विचार

अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत लिहिताना 'उजवे' हा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या विचारांना एका दावणीला बांधण्याची आपल्याला सवय पडली आहे. त्यांतला एक विचार लिबर्टेरियनांचा आणि दुसरा कॉन्झर्व्हेटिव्हांचा. दोघेही कमी कर मागतात, सरकारी उधळपट्टीवर टीका करतात, बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू घेतात आणि निवडणुकीत बहुधा रिपब्लिकन पक्षाच्या आसपास दिसतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते एकच वाटावेत हे स्वाभाविक आहे. भाषांतराने या घोळात भरच घातली आहे. 'कॉन्झर्व्हेटिव्ह'साठी रुळलेला 'पुराणमतवादी' हा शब्द मराठीत दूषण म्हणूनच उच्चारला जातो, आणि 'लिबर्टेरियन'ला 'उदारमतवादी' म्हणावे तर अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे डावीकडचा, कल्याणकारी सरकार हवे असणारा माणूस. म्हणून या लेखात एकाला परंपरावादी म्हटले आहे आणि दुसऱ्याचे नाव आहे तसेच ठेवले आहे.

लिबर्टेरियन माणूस कोणत्याही कायद्यापुढे पहिला प्रश्न हा विचारतो की, या बाबतीत सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला कोणी? प्रौढ माणसाने कोणाशी लग्न करावे, काय ओढावे, कोणत्या देशाचा माल विकत घ्यावा, कोणाला नोकरीवर ठेवावे, हे तो त्या त्या माणसावर सोपवतो, मग ती निवड त्याला स्वतःला रुचो वा न रुचो. परंपरावादी माणसाच्या लेखी कुटुंब, धर्म, गाव आणि देश यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली व्यवस्था आधी येते. स्वातंत्र्य त्यालाही प्रिय असते, पण ते या व्यवस्थेच्या आधारानेच उभे राहते अशी त्याची धारणा असते, आणि व्यवस्था ढासळते आहे असे वाटले की तिला सावरण्यासाठी कायद्याचा हात वापरायला त्याची ना नसते. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी आपण परंपरावादी का नाही हे सांगण्यासाठी १९६० मध्ये एक स्वतंत्र लेखच लिहिला. त्यातला मुख्य आक्षेप हाच होता की, हेतू आपल्याला योग्य वाटत असेल तर परंपरावाद्याला सक्तीचे वावडे नसते.

हा फरक एका खटल्यात फार स्वच्छ दिसतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये औषध म्हणून गांजा वापरण्यास मान्यता दिली होती. तरीही २००२ मध्ये केंद्र सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्याने एका रुग्ण महिलेची गांजाची सहा रोपे जप्त करून नष्ट केली. सहा रोपे, तीही विक्रीसाठी नव्हेत. एरवी राज्यांच्या अधिकारांचा कैवार घेणाऱ्या रिपब्लिकन सरकारने सर्वोच्च न्यायालयात केंद्राच्या बंदीची बाजू लढवली आणि २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ती जिंकली. लिबर्टेरियनांच्या दृष्टीने घरातल्या सहा रोपांपर्यंत केंद्राचा हात पोहोचू शकतो हेच मुळात भयंकर होते, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

इतका मूलभूत फरक असूनही हे दोघे एकत्र आले, ते शीतयुद्धामुळे. त्याआधीची रिपब्लिकन उजवी बाजू परदेशातल्या लष्करी बांधिलकीबद्दल साशंकच होती. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी १९४९ मध्ये नाटो कराराच्या विरोधात मत दिले होते. पुढे १९५५ मध्ये परंपरावादी लेखक विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले, आणि तेथे फ्रँक मेयर यांनी दोन्ही विचारांची सांगड घातली. स्वेच्छेने अंगी बाणवलेला सद्गुण हाच खरा सद्गुण, म्हणून स्वातंत्र्य आणि परंपरा एकमेकांना पूरक ठरतात, अशी ती मांडणी होती. सोव्हिएत साम्यवाद दोघांचाही शत्रू असल्यामुळे ही सोयरीक जमली. पण त्या शत्रूशी लढण्यासाठी प्रचंड सैन्य, त्यासाठी कर आणि गुप्तचर खाती लागत होती, म्हणजे लिबर्टेरियनांना नको असलेले सगळेच लागत होते. व्हिएतनाम युद्धात ही गाठ सुटली. १९६९ मध्ये सेंट लुईस येथे तरुण परंपरावाद्यांच्या अधिवेशनात एका प्रतिनिधीने सक्तीच्या लष्करभरतीचे कार्ड पेटवले आणि सभागृहात हाणामारी जुंपली. ऑगस्ट १९७१ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वेतन आणि किमती गोठवल्या, आणि त्याच डिसेंबरमध्ये कोलोरॅडो राज्यात लिबर्टेरियन पक्षाची स्थापना झाली.

तरीही या दोघांतला फरक समजून घ्यायचा तर इराक युद्धाकडेच पाहावे लागते. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने अध्यक्ष बुश यांना इराकवर बळाचा वापर करण्याची मुभा २९६ विरुद्ध १३३ मतांनी दिली. विरोधात मत देणारे रिपब्लिकन सदस्य केवळ सहा होते, आणि त्यांत टेक्सासचे लिबर्टेरियन विचारांचे डॉक्टर रॉन पॉल होते. त्याआधी परराष्ट्र संबंध समितीत पॉल यांनी एक विलक्षण दुरुस्ती मांडली. इराकविरुद्ध रीतसर युद्ध पुकारावे, असा तिचा मजकूर होता, आणि ती मांडतानाच आपण स्वतः तिच्या विरोधात मत देऊ असेही त्यांनी सांगून टाकले. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्या कलमाने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिला आहे, तेव्हा युद्ध हवे असेल तर सदस्यांनी तसे उघडपणे म्हणावे आणि जबाबदारी घ्यावी. निर्णय अध्यक्षांच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. समितीचे अध्यक्ष हेन्री हाइड हे गर्भपातविरोधी कायद्यांमुळे ओळखले जाणारे निष्ठावंत परंपरावादी. त्यांनी उत्तर दिले की, राज्यघटनेतल्या काही गोष्टी काळाच्या ओघात मागे पडल्या आहेत आणि युद्धाची घोषणा ही त्यांतलीच एक आहे. एका अर्थी ते वस्तुस्थितीच सांगत होते, कारण अमेरिकेने शेवटचे रीतसर युद्ध जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध पुकारले होते. परंतु घटनेचा शब्द प्रमाण मानणाऱ्या परंपरावाद्यानेच घटनेतली तरतूद कालबाह्य ठरवावी, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

पुढे १५ मे २००७ रोजी दक्षिण कॅरोलिनातील कोलंबिया येथे अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांची वादसभा झाली. पॉल म्हणाले की, आपण दहा वर्षे इराकवर बॉम्ब टाकत होतो आणि आपल्यावर हल्ले करणारे काय कारण देतात ते आपण ऐकले पाहिजे. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी मध्येच बोलून, हे विधान मागे घ्या, असे बजावले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉल यांनी विधान मागे घेतले नाही. १९५३ मध्ये सीआयएने इराणमध्ये घडवलेल्या सत्तांतराचा दाखला देऊन त्यांनी हस्तक्षेपाचे फळ उलटून येतेच, हे पुन्हा सांगितले.

त्याच राज्यात, ग्रीनव्हिल येथे, फेब्रुवारी २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती असे म्हटले. याही वेळी श्रोत्यांनी हुर्यो उडवली, पण आठवड्याभरात ट्रम्प यांनी तिथली प्राथमिक निवडणूक जिंकली. येथे दुसरा, अधिक सूक्ष्म घोटाळा होतो. पॉल आणि ट्रम्प दोघेही इराक युद्धाला चूक म्हणतात, तेव्हा त्यांची भूमिका एकच, असे अनेक भाष्यकारांनी धरून चालले. प्रत्यक्षात हे दोन नकार एका मुळातून आलेले नाहीत. युद्धामुळे सरकार फुगते, नागरिकांवर पाळत वाढते आणि ज्यांनी आपले काही बिघडवले नाही अशी माणसे मारली जातात, म्हणून लिबर्टेरियन नको म्हणतो. राष्ट्रवादी परंपरावाद्याचा हिशोब निराळा असतो : आपली मुले गेली, आपला पैसा गेला आणि देशाच्या पदरात काय पडले? म्हणूनच इराकमधून निघताना तिथले तेल घ्यायला हवे होते, असे ट्रम्प वारंवार म्हणू शकले. पॉल यांना ती लूट वाटली असती. हा राष्ट्रवादी नकारही नवा नाही. परंपरावादी भाष्यकार पॅट ब्युकॅनन यांनी १९९१ च्या आखाती युद्धालाही विरोध केला होता, आणि त्याच जोडीने मुक्त व्यापार आणि स्थलांतर यांनाही.

एखादा अमेरिकी नेता युद्धाला विरोध करतो तेव्हा तो या दोघांपैकी कोण, हे ओळखायचे असेल तर त्याला आयातशुल्क आणि व्हिसा यांविषयी विचारावे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. पुण्या-मुंबईतल्या ज्या घरांत कोणी ना कोणी अमेरिकेत जाण्याच्या तयारीत असते, त्यांच्यासाठी ही वैचारिक चर्चा उरली नाही. अमेरिकी कामगाराची मजुरी आणि समाजाची वीण जपणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे राष्ट्रवादी परंपरावादी मानतो. कॅटो इन्स्टिट्यूटसारख्या लिबर्टेरियन संस्थेचे अभ्यासक मात्र वर्षानुवर्षे मांडत आले आहेत की, मालक आणि कर्मचारी राजी असतील तर सरकारने आडवे येऊ नये.

जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेने बॉम्बहल्ले केले. त्यापूर्वी भाष्यकार टकर कार्लसन यांच्यासारख्या राष्ट्रवाद्यांनी हे आपले युद्ध नाही असे ठासून सांगितले होते. केंटकीचे लिबर्टेरियन वळणाचे प्रतिनिधी थॉमस मॅसी यांनी डेमोक्रॅट रो खन्ना यांच्यासह, काँग्रेसच्या मान्यतेशिवाय हल्ले करू नयेत, असा ठराव मांडला. काही दिवसांतच शस्त्रसंधी जाहीर झाली. सैनिक आणि पैसा यांचा हिशोब मांडणाऱ्यांची चिंता त्याबरोबर बरीचशी ओसरली. २७ जून रोजी सिनेटमध्ये याच आशयाच्या दुसऱ्या एका ठरावावर मतदान झाले, तेव्हा विमाने परतली होती आणि मागे राहिला होता तो फक्त पहिल्या कलमाचा प्रश्न. ठराव ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. त्याच्या बाजूने मत देणारे एकमेव रिपब्लिकन सिनेटर होते केंटकीचे रँड पॉल, रॉन पॉल यांचे चिरंजीव.