खांदा तीन महिन्यांहून जास्त दुखतोय? येण्याआधी हे वाचा

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या दारातून आत आल्याबरोबर बहुतेक जण विचारतात, "मशीन किती दिवस लावावी लागेल?" खरं सांगायचं तर जुन्या खांद्याला शेकानं संध्याकाळपुरतं बरं वाटतं, तेवढंच. खांद्यात ताकद येते ती व्यायामानं, आणि तो तुम्हालाच घरी करायचा आहे.

खांद्याचा गोळा मोठा, त्याची खोबण मात्र उथळ. गोळा जागेवर धरून ठेवतात चार छोटे स्नायू. ते कमजोर पडले की दोरीवर कपडे टाकताना किंवा रात्री कूस बदलताना कळ निघते. उन्हाळ्यात रोज कूलरमध्ये बादल्या ओतल्या की दुखणं आणखी चिघळतं. मग माणूस हात वापरणंच सोडतो आणि स्नायू अजून कमजोर होतात. एमआरआयमध्ये "थोडं फाटलंय" असं आलं तरी लगेच घाबरू नका. साठीनंतर अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही असं पुष्कळदा दिसतं.

पहिला व्यायाम बहुधा हा असतो: नॅपकिनची गुंडाळी बगलेत धरा, कोपर काटकोनात अंगाला टेकवा. दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा धरून पंजा बाहेरच्या बाजूला न्या आणि तीन आकडे मोजत सावकाश परत आणा. परत आणताना घाई केली तर अर्धा व्यायाम वाया जातो. 10 ते 12 वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की जाड पट्टा.

करताना दुखेल. दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरायला हवं. नाही ओसरलं तर हलका पट्टा घ्या, व्यायाम बंद करू नका. फरक कळायला साधारण 12 आठवडे द्या.

आम्ही तीस सिटिंगचं पॅकेज देत नाही. ब्रिटनमध्ये 708 जणांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकदाच नीट शिकवलेले आणि सहा वेळांपर्यंत बोलावलेले लोक वर्षभरात सारखेच सुधारले. त्यांचं दुखणं सहा महिन्यांच्या आतलं होतं, म्हणून जुन्या दुखण्याला आम्ही चार-पाच भेटी धरतो.

शुगर असेल तर आधी सांगा. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. त्याचा व्यायाम वेगळा, आणि वेळही बराच लागतो, कधी वर्षाच्या वर.

पडल्यावर हात उचलताच येत नसेल, सांधा लाल-गरम होऊन ताप असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. खांद्यासोबत छातीत दाब आणि घाम असेल तर थेट इमर्जन्सीत.

येताना जुने रिपोर्ट आणा आणि खांदा मोकळा राहील असे सैल कपडे घाला. पट्टा आम्ही देऊ.