चॅप्लेन आणि फादर-गुरुजी: आयसीयूच्या दारात होणारी गल्लत

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका मावशींनी मला बघून हातच जोडले, म्हणाल्या अहो ताई आत्ता नको, अजून तसं काही झालेलं नाहीये. माझ्या गळ्यातल्या कार्डावर चॅप्लेन लिहिलेलं आणि बाजूला छोटा क्रूस, त्यामुळे त्यांना वाटलं मी शेवटची प्रार्थना म्हणायला आलेय. नाशकात हे इतक्यांदा होतं की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

तर हॉस्पिटलचा चॅप्लेन म्हणजे पेशंटजवळ आणि घरच्यांजवळ बसून त्यांचं ऐकणारा, धीर देणारा माणूस. मी फादर नाही, पाळक म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू, तीही नाही. शरणपूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतले लोकसुद्धा मला विचारतात की मग पाळकसाहेब असताना तू कशाला जातेस. आणि देवळालीकडची गल्लत अजून वेगळी, आर्मीत धर्मगुरूची पोस्टच असते, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, तोफखान्यात नोकरी झालेल्या घरांना ते माहीत असतं, म्हणून त्यांना वाटतं हॉस्पिटलचा चॅप्लेन म्हणजे तसंच काहीतरी.

साधा फरक सांगते. फादर किंवा गुरुजी येतात ते काहीतरी करायला येतात, आणि ते करायचा अधिकार त्यांच्याकडे असतो. कॅथलिकांमध्ये आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार फादर किंवा बिशपच करू शकतात, मी कितीही शिकले तरी नाही. पूर्वी तो अगदी शेवटच्या घटकेलाच व्हायचा म्हणून फादर आले म्हणजे संपलं असं लोकांच्या डोक्यात बसलंय, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, १९७२ मध्ये तो विधी बदलला, आता गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा घेता येतो, तेव्हा घरात कोणी कॅथलिक आजारी असेल तर प्लीज शेवटपर्यंत थांबू नका, फादरना वेळेवर बोलवा. गुरुजींचं पण तसंच, मंत्र ठरलेले, क्रम ठरलेला, आणि घाबरलेल्या घराला त्या ठरलेपणाचा खूप आधार होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चॅप्लेन रिकाम्या हाताने येतो. ना तेल, ना अंगारा, ना पाठ केलेलं काही. तो कुठल्याही बेडपाशी जातो, पेशंट हिंदू असो, मुसलमान असो, देव न मानणारा असो, आणि पेशंट नको म्हणाला तर नमस्कार करून परत. धर्म बदलायचा विषय काढणं तर सोडाच, पेशंटने म्हटल्याशिवाय प्रार्थनाही करायची नाही, हा ट्रेनिंगमधला पक्का नियम. हे मुद्दाम लिहितेय कारण क्रूस बघून काहींच्या मनात शंका येते आणि ती त्यांनी मोकळेपणी विचारावी.

आता ट्रेनिंग. हॉस्पिटलात प्रत्यक्ष पेशंटना भेटत शिकायचं, याला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात, सगळे सीपीईच म्हणतात. सुरुवात १९२५ मध्ये अमेरिकेत वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात अँटन बॉइसन यांनी केली, ते स्वतः पाळक आणि त्याआधी स्वतःच मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहिलेले, म्हणून त्यांचं म्हणणं की पुस्तकांइतकंच समोरचं माणूस वाचायला शिका. तिकडे एका युनिटला किमान ४०० तास आणि पूर्ण सर्टिफिकेटला चार युनिट म्हणजे १६०० तास लागतात. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेन्सीचा वेगळा विभाग आहे.

पण तासांपेक्षा जड जातं ते व्हर्बॅटिम. म्हणजे पेशंटला भेटून आलं की आठवून आठवून संवाद जसाच्या तसा लिहायचा, तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, कुठे गप्प झालो, आणि मग ग्रुपसमोर वाचायचा. मी शिकले तामिळनाडूत, तिथे बंगालकडचे पेशंट खूप, एका काकांनी मला विचारलं मेरा टिकट कब का है, मी म्हटलं आपके बेटे को मालूम होगा. मला वाटलं छान उत्तर दिलं. ग्रुपमध्ये वाचल्यावर सरांनी एवढंच विचारलं की ते कुठल्या तिकिटाबद्दल बोलत होते. मी काकांना विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले तर ते व्हेंटिलेटरवर होते.

तेव्हापासून व्हेंटिलेटरवरच्या माणसाशीही मी बोलते, कारण ऐकू येत असण्याची शक्यता असते. आधी सिस्टरना विचारायचं, हात धुवायचे, स्वतःचं नाव सांगायचं, मग सांगूनच हाताला स्पर्श करायचा, आणि बसायला जागा असेल तर बसायचं, उभं राहून बोललं की पेशंटला वाटतं ही निघालीच. हे नातेवाईकांनी केलं तरी चालतं, यासाठी चॅप्लेन लागत नाही.

चॅप्लेन आणि गुरुजी, दोघांची कामं एकत्र कशी येतात ते एका प्रसंगावरून सांगते. निफाडकडचे एक द्राक्षवाले बाबा, ऑक्टोबर महिना, म्हणजे फळासाठी वेली छाटायचे, गोडी छाटणीचे दिवस, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मुलगा रामकुंडाचं पाणी बाटलीत घेऊन दारात उभा, आत नेऊ देतील का हे विचारायचं धाडस होईना. मी सिस्टरना विचारलं, त्यांनी डॉक्टरांना विचारलं, उत्तर आलं की तोंडात थेंबही द्यायचा नाही पण कपाळाला लावा. मुलाने बोट बुडवून लावलं, तुळशीचं पान उशीखाली ठेवलं, त्यांचे पंचवटीतले गुरुजी फोनवरून मंत्र म्हणत होते, फोन मी बाबांच्या कानाशी धरला. विधी सगळा गुरुजींचा, माझ्याकडे फक्त दार उघडणं आणि फोन धरणं.

मंत्र संपले, फोन ठेवला, मग मुलाने विचारलं तुम्ही काही म्हणणार का. मी म्हटलं नाही, तुम्हाला बाबांना काही सांगायचंय का. तो बराच वेळ काहीच बोलला नाही, मीही नाही, मॉनिटर तेवढा वाजत होता, आणि मग तो वाकून म्हणाला, बाबा, गोडी छाटणी मी तुम्हाला न विचारता सुरू केली, गुरुवारपासून, वरच्या प्लॉटची झाली पण.