झुडपी जंगल: सातबाऱ्यावरच्या एका शब्दामागचा इतिहास

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. पूर्व विदर्भातल्या या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा वनाचा दर्जा काढावा, असा राज्य सरकारचा अनेक वर्षं प्रयत्न होता. ही जमीन वन व्यवस्थापनाला अयोग्य आहे, हा युक्तिवाद. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि ही जमीन वनच आहे असं सांगितलं. गंमत अशी की उच्च न्यायालयाची नागपुरातली इमारत, काही सरकारी कचेऱ्या, लोकांची घरं आणि स्मशानभूमीसुद्धा अशाच नोंदीच्या जमिनीवर उभी आहेत.

ज्या जमिनीवर एकही झाड नाही तीही जंगल कशी? उत्तर जमिनीत नाही, दप्तरात आहे.

हा भाग पूर्वी मध्य प्रांतात होता आणि तिथे मालगुजारी पद्धत चालायची, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक. मालगुजाराच्या गावात पिकाची जमीन वेगळी आणि झुडपं, मुरूम, खडक असलेली पडीक वेगळी. या पडीकावर गावाची गुरं चरायची, सरपण मिळायचं, कुंपणाला काटे मिळायचे. या वापराला ‘निस्तार’ म्हणत. ‘झुडपी’ हे मुळात त्या पडीकाचं वर्णन होतं. जुन्या मध्य प्रांतातल्याच छत्तीसगडच्या कागदांत आजही ‘छोटे झाड का जंगल’ अशी नोंद सापडते. १९५१ साली मालगुजारी संपली, पडीक सरकारजमा झालं आणि सोबत हा शब्दही सरकारी झाला. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात वनसंवर्धन नक्कीच नव्हतं.

पण ‘जंगल’ या शब्दाला तोवर कायद्याचं वजन आलं होतं, आणि त्याची सुरुवात रेल्वेपासून होते. मैलभर रूळ टाकायला पावणेदोन ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत. साग, साल आणि देवदारावर कुऱ्हाड चालली, आणि लाकूड संपेल या धास्तीने १८६४ साली वनखातं उभं राहिलं. जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख. १८६५ चा कायदा जुजबी होता. खरा वाद झाला तो १८७८ च्या कायद्याच्या वेळी. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की जंगल सरकारचंच. लोकांना मिळते ती सवलत, हक्क नव्हे. मद्रास सरकारने याला उघड विरोध केला, कारण त्यांच्या मते गावांचे जंगलावरचे हक्क खरे आणि जुने होते. ब्रँडिस मधला मार्ग शोधत होते. गावांसाठी वेगळी वनं राखावीत असं त्यांना वाटे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही कायद्याला हरकत घेतली.

जिंकले बेडन-पॉवेल. जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार झाले. ग्रामवन बहुतांश कागदावरच राहिलं. राखीव वन जाहीर करायचं असेल तर आधी जाहीरनामा काढायचा आणि लोकांनी किमान तीन महिन्यांच्या मुदतीत आपले हक्क सांगायचे. नाही सांगितले तर ते बुडाले. ज्या समाजात लेखी काहीच नव्हतं, तिथे हक्क लेखी मागायची ही सोय! हीच चौकट १९२७ च्या भारतीय वन कायद्यात आली, आणि तो कायदा आजही लागू आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते डोंगर, पडीक आणि गायरानं जंगलात घातल्याबद्दल. १९३० च्या जंगल सत्याग्रहाला महाराष्ट्रात एवढा प्रतिसाद का मिळाला, हेही इथेच कळतं. इथे मीठ सगळीकडे पिकत नव्हतं, पण गवत कापायला बंदी असलेलं राखीव जंगल जवळपास होतंच. पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला, सांगलीकडच्या बिळाशीत लोक उभे राहिले, आणि २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला गोळीबार होऊन आठ जण हुतात्मे झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, पण खात्याची नजर फारशी बदलली नाही. १९५२ च्या वननीतीने ‘राष्ट्रीय हित’ गावाच्या गरजेच्या वर ठेवलं, आणि त्या काळी राष्ट्रीय हित म्हणजे प्रामुख्याने उद्योग. चंद्रपूरच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. १९७४ साली राज्याचं वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि सागाची लागवड वाढली. वाघाचं धोरणही याच सुमाराला आलं: १९७२ चा वन्यजीव कायदा, १९७३ चा व्याघ्रप्रकल्प, मेळघाट पहिल्या नऊंमध्ये. म्हणजे एकाच दशकात एकच खातं एका हाताने लाकूड विकत होतं आणि दुसऱ्या हाताने गावांना अभयारण्याबाहेर जायला सांगत होतं. मला यात विरोधाभासापेक्षा सातत्य जास्त दिसतं, कारण दोन्हीकडे ठरवणारा एकच होता.

१९७६ साली वन हा विषय राज्यांच्या यादीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत गेला. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वनेतर वापर करायला केंद्राची मंजुरी लागू लागली. धरणं आणि खाणींसाठी राज्यं सढळ हाताने जमीन वाटत होती, त्याला यामुळे लगाम बसला, हे मान्य करायला हवं. पण वन म्हणजे काय, हे त्या कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. तामिळनाडूतल्या जंगलतोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद यांनी १९९५ साली केलेल्या याचिकेवर १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, तसंच सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेलं जे काही, ते सगळं वन. विदर्भातलं झुडपी इथे कायमचं अडकलं.

आदिवासींची गोष्ट याच्या उलटी. त्यांच्याकडे जमीन होती, पण दप्तरात नोंद नव्हती, म्हणून ते ‘अतिक्रमक’. मे २००२ मध्ये केंद्राने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश काढला, त्यावर देशभर रान पेटलं आणि अखेर २००६ चा वनहक्क कायदा आला. ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली त्याच्या प्रास्ताविकातच आहे.

तरी शब्दाची लढाई थांबली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातलं इतर उत्पन्न) म्हणतो, म्हणजे तो ग्रामसभेचा. १९२७ च्या कायद्यात मात्र २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत बांबू हे झाड होतं, म्हणजे खात्याचं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे, पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनस्पतिशास्त्र देत नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे गावाला आपला बांबू स्वतः विकता आला.

२०२३ साली संसदेने १९८० चा कायदा बदलून वनाची व्याख्या अधिसूचित आणि नोंदींतल्या वनांपुरती आवळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त १९९६ चाच अर्थ चालू ठेवायला सांगितलं. झुडपीच्या निकालाची रेघही १२ डिसेंबर १९९६ याच तारखेवर ओढली आहे. त्याआधी वाटलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची, म्हणजे बदल्यात दुसरीकडे वन उभं करण्याची अट नाही. त्यानंतर वाटलेल्या जमिनीचं प्रत्येक प्रकरण कारणासह द्यायचं आणि वाटणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईही करायची. त्या जमिनीवर आज गुरं चारणाऱ्याचा जुना निस्तार कुठे बसतो, याची चर्चा मात्र फार कमी ऐकू येते.