वीस वेळा पाहिलं, तरी जमलं का?

ज्युलियस येगो हा केनियाचा भालाफेकपटू. त्याचा देश लांब पल्ल्याच्या धावपटूंचा. भाला शिकवणारं तिथे फारसं कोणी नव्हतं. मग त्यानं यूट्यूबवर यान झेलेझ्नी, आंद्रेआस थोर्किल्डसेन अशा दिग्गजांच्या फेकी पाहून तंत्र उचललं. 2015 मध्ये बीजिंगला 92.72 मीटर भाला फेकून तो जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये त्यानं रौप्यपदक मिळवलं. त्याला ‘मिस्टर यूट्यूब’ म्हणतात ते उगाच नाही. पण हे कौतुक करताना एक गोष्ट सुटते. पाहून झालं की येगो मैदानात जाऊन भाला फेकत होता, आणि पुढे फिनलंडला जाऊन प्रशिक्षकाकडेही शिकला.

आपण बहुतेक जण पाहण्यापाशीच थांबतो. शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग यासंदर्भात मोठे गमतीचे आहेत. भांडी न हलवता खालचा टेबलक्लॉथ झटक्यात ओढायचा, डार्टचा छोटा बाण फलकावर नेमका फेकायचा, मायकेल जॅक्सनसारखं मूनवॉक करायचं, असल्या करामतींचे व्हिडिओ त्यांनी काहींना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवले. वीस वेळा पाहणाऱ्यांना ‘मला जमेल’ असं जास्त वाटू लागलं. प्रत्यक्षात बाण फेकायला किंवा मूनवॉक करायला लावलं, तेव्हा मात्र ते एकदा पाहणाऱ्यांपेक्षा तसूभरही सरस ठरले नाहीत. कृतीचं वर्णन वाचून किंवा नुसता विचार करून आत्मविश्वास असा फुगत नव्हता. ही किमया पाहण्याचीच.

कारण व्हिडिओत पायऱ्या दिसतात, हाताला काय जाणवतं ते दिसत नाही. पुरणपोळीची कणीक किती सैल हवी, हे कॅमेरा कसं सांगणार? बोलिंगच्या बाटलीसारख्या पिना एकापाठोपाठ हवेत उडवून झेलण्याचा व्हिडिओ पाहिलेल्यांना संशोधकांनी त्या पिना नुसत्या हातात धरायला दिल्या, तर तेवढ्यानंच फुगलेला आत्मविश्वास खाली आला!

हे हातच्या कामापुरतंच आहे, असंही नाही. डेरेक मुलर (पुढे यूट्यूबवर ‘व्हेरिटॅसियम’ हे विज्ञानाचं चॅनेल काढणारे) यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी. करताना विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचे व्हिडिओ दाखवले. सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ मुलांना आवडला, पण चाचणीतले गुण जवळपास तिथेच राहिले. दुसऱ्या व्हिडिओत आधी नेहमीचे गैरसमज मांडून मग ते खोडले होते. तो मुलांना गोंधळाचा वाटला, शिकली मात्र ती त्यातूनच जास्त. सोपं वाटलं म्हणजे कळलं, हा निकष मला तरी आता फसवा वाटतो.

तरी व्हिडिओची एक सोय वर्गात नाही: तो थांबवता येतो. 2013 मधल्या एका प्रयोगात संख्याशास्त्राच्या 21 मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीचे चार तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटीशी चाचणी घेतली, त्यांचं लक्ष भरकटण्याचं प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी होतं, आणि टिपणंही त्यांनी कितीतरी जास्त काढली.